फौजेचा खण

डॉक्टरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ते कोऱ्या नजरेनं बघत राहायचे. समोरचा माणूस ओशाळून हसला की त्याचे दात दिसायचे, आणि मग डॉक्टरांच्या कपाळावरची आठी जायची. "तुम्ही होय. खालच्या दाढेत चांदी भरलीय तुमच्या. टिकली का?" हे भर भाजीबाजारात. सख्ख्या साडूलासुद्धा त्यांनी एकदा असंच दातांवरून ओळखलं, आणि ते साडू कितीतरी दिवस त्यांच्याकडं जेवायला आले नाहीत.

मी त्यांच्याकडं नऊ वर्षं होते. दवाखाना सांगलीत, भांड्यांच्या दुकानाच्या वर. जिना इतका अरुंद की गाल सुजलेला माणूस वर चढताना आणि दात काढलेला खाली उतरताना समोरासमोर आले तर एकाला मागं फिरावं लागायचं. वर खोलीत लवंगेच्या तेलाचा वास, पायानं चालवायचं दात कोरायचं यंत्र, स्टोव्हवर उकळत ठेवलेली हत्यारं, आणि एका अख्ख्या भिंतीला लाकडी खणच खण. त्या खणांत कार्डं होती.

मी झाडलोटीला लागले होते. माझे मालक वारले होते, भावाकडं राहत होते, आणि वहिनीच्या नजरेसमोर दिवसभर बसण्यापेक्षा बाहेरची कामं बरी वाटायची. एक दिवस प्लास्टरचं पोतं आलं. डॉक्टरांचे हात मेणानं भरलेले, म्हणून पावतीवर काय लिहिलंय ते त्यांनी मला विचारलं. मी वाचून दाखवलं.

"शाळा किती?"

"चौथी."

त्यांनी कागद पुढं केला. मी माझं नाव लिहिलं. ते बघून म्हणाले, "टपोरं आहे. माझं अक्षर मला वाचता येत नाही. उद्यापासून कार्ड तुम्ही भरायचं, बाई." मला जमणार नाही असं मी म्हणणार होते, पण आवाज फुटला नाही. माझं पहिल्यापासून असंच आहे. परक्या माणसासमोर बोलायचं म्हटलं की घसा बंद होतो.

कार्ड म्हणजे जाड कागद, छापखान्यातून करून आणलेला. त्यावर दातांच्या दोन कमानी, वरची आणि खालची. डॉक्टर तोंडात बारका आरसा घालून बघायचे आणि सांगायचे, मी खुणा करायच्या. काढलेल्या दातावर फुली, चांदी भरलेल्यावर ठिपका, तुटलेल्यावर तिरकी रेघ. दुखणारा एकच दात नाही, सगळे बत्तीस. "कार्ड आधी, दुखणं मग," हे त्यांचं रोजचं वाक्य. एक शेतकरी कळवळून म्हणाला, "आवं डाक्टर, ह्यो एकच दुकतोय. बाकीच्यांची काय चौकशी लावलीया?"

"बाकीचे साक्षीदार आहेत," डॉक्टर म्हणाले, आणि बाकीचे एकतीस मोजूनच त्यांनी त्या एकाला हात लावला.

नाव त्यांना पूर्ण लागायचं. बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि डॉक्टर नाव घेतल्याशिवाय चिमटा उचलत नसत. एक म्हातारी अशीच गाल धरून बसली होती. नाव विचारलं की नुसती मान हलवायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आजी, उखाण्यात घ्या." आणि तिनं सुजलेल्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी गळत असताना, अख्खा उखाणा घेतला. बाकावरची माणसं हसून बेजार झाली. डॉक्टरांनी उखाण्यातलं नाव तेवढं वेगळं काढून मला सांगितलं, "लिहा."

घरात अर्धा खाल्लेला पेरू पडलेला दिसला तरी ते उचलून उजेडात धरायचे आणि कुणी खाल्ला ते सांगायचे. चुकत नसत. त्यांची मुलं पेरू सुरीनं कापून खायला शिकली ती त्यामुळं.

गावात दातांचे आणखी दोन डॉक्टर होते. त्यातले एक जाडे होते, ते कधी मेण, कधी प्लास्टर उसनं न्यायला यायचे आणि खणांकडं बघून हसायचे. "अहो, पेशंटचा दात काढायचा असतो. चरित्र लिहायचं नसतं."

"उद्या हा माणूस जळाला, बुडाला, तर ओळखणार कशावरून?"

"अंगठीवरून."

"अंगठी काढून घेतात."

"मग गोंदणावरून."

"कातडी जाते. दात राहतात."

"म्हणजे तुम्ही दवाखाना जित्यांसाठी घातलाय की मेलेल्यांसाठी, ते एकदा ठरवा," असं म्हणून ते जाडे डॉक्टर प्लास्टर घेऊन जिना उतरायचे. ते गेल्यावर आमचे डॉक्टर मला म्हणायचे, "बाई, ह्यांच्याकडं दहा वर्षांत हजारो माणसं आली असतील. एकाचीही खूण नाही. नुसते दात बादलीत." ते चिडून म्हणत नसत. दमून म्हणायचे. दर वेळी तेच.

खण गावागावांचे होते. आष्ट्याचा एक, मिरजेचा एक, तासगावचा एक, असे. एकच खण गावाचा नव्हता. त्यावर 'फौज' अशी चिठ्ठी होती. आमच्या भागात बहुतेक घरांतून एकजण तरी फौजेत. तो वर्षातून एकदा रजेवर येणार, दाढ काढून घेणार, परत जाणार, आणि पत्ता विचारला की पलटणीचा सांगणार. म्हणून त्या माणसांना डॉक्टरांनी वेगळा खण दिला होता.

आता माझी चूक सांगते. कार्डावरचे दात असे छापलेले होते की जणू माणूस आपल्यासमोर तोंड उघडून बसला आहे. म्हणजे त्याची उजवी बाजू कागदावर डावीकडं येते. डॉक्टरांच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं की मला सांगायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही, आणि मी विचारलं नाही. ते "उजवी" म्हणाले की मी कागदाच्या उजवीकडं खूण करायची. सव्वा महिना मी असंच केलं. मग एक बाई दुसऱ्यांदा आली. कार्ड म्हणत होतं तिची डावी दाढ काढली आहे, आणि तोंडात रिकामी जागा उजवीकडं. डॉक्टर आधी तिच्यावरच रागावले. "असं होणार नाही," म्हणाले, "पुन्हा आ करा." तिनं तीनदा आ केला. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांना हसू आलं.

"बाई, तुम्ही सगळी सांगली आरशात बसवलीत."

त्या सव्वा महिन्यातली सगळी कार्डं काढून, खुणा बदलून नवी करायची आणि कोपऱ्यात लाल टिंब द्यायचं, असं त्यांनी सांगितलं. मी आठ दिवस बसून गावागावांचे खण पालथे घातले. "झाली का सगळी?" त्यांनी विचारलं. "झाली," मी म्हणाले. फौजेचा खण मी उघडलाच नव्हता. गावांची नावं घेत घेत मी भिंत संपवली, आणि फौज काही गाव नव्हे.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी, ऊसतोडीच्या दिवसांत, एक हवालदार जिना चढून आला. हातात तेलाचा रिकामा डबा, वर फडकं बांधलेलं.

"डाक्टर, दातांचं काम हाय."

"बसा. कार्ड आधी."

"माजं न्हवं," हवालदारानं डबा टेबलावर ठेवला. "ह्याचं."

आष्ट्याच्या पुढं एका मळ्यात ऊस तोडताना टोळीला माणसाची हाडं सापडली होती. तो अठरा महिन्यांचा ऊस, आत दीड वर्ष कुणी शिरलेलं नाही. कोल्ह्यांनी, उंदरांनी काही ठेवलं नव्हतं. अंगठी नाही, कापड नाही. कशानं मेला तेही कळत नव्हतं. जवळच्याच वाडीतला एक फौजेतून सुटून आलेला माणूस वर्षापूर्वी घरातून निघाला होता. मुंबईला वॉचमनची नोकरी बघतो म्हणून पिशवी घेऊन, रानातनं आडवाटेनं डांबरी रस्त्याकडं चालत गेला, तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. गावानं ठरवून टाकलं की त्यानं मुंबईत दुसरं घर केलं. उसात पिशवी सापडली नाही, म्हणून सासरच्यांचंही तेच म्हणणं, की हाडं दुसऱ्या कुणाची. एकटी त्याची बायको म्हणत होती की तो असा जाणारा नव्हे. त्यानं रजेवर असताना आमच्याकडं दाढ काढून घेतली होती, हे तिनंच पोलिसांना सांगितलं.

तिचं नाव शेवंता. ती आणि तिचा थोरला दीर बाहेर बाकावर बसले होते. दीर पान खात होता. ती जिन्याकडं बघत होती.

डॉक्टरांनी फौजेचा खण उघडून कार्ड स्वतः काढलं. मी ट्रे घेऊन शेजारी उभी होते. कार्डावर माझं टपोरं अक्षर, पहिल्या महिन्यातलं, आणि कोपरा कोरा. लाल टिंब नव्हतं. मला तेव्हाच कळलं. कळायला एक क्षणही लागला नाही.

डॉक्टरांनी डब्यातली कवटी आणि खालचा जबडा फडक्यावर मांडला. कितीतरी वेळ ते एकदा हाडाकडं, एकदा कार्डाकडं बघत होते. मग त्यांनी शेवंताला आत बोलावलं. हाडं परत डब्यात ठेवून डबा त्यांनी आधी झाकला, एवढं मात्र केलं.

"तुमच्या मालकांचा वरचा पुढचा दात तुटलेला होता?"

"व्हय. टवका गेल्याला."

"कोणत्या बाजूचा?"

तिनं डोळे मिटले. हात पुढं हवेत धरला, जणू तो समोर उभा आहे, आणि बोटानं हवेतच दाखवलं. "ह्यो. डावा."

"नक्की डावा?"

"रोज बगत व्हते की वो मी."

डॉक्टरांनी मान हलवली. कार्डावर डावा, बायको म्हणते डावा, आणि कवटीत तुटलेला होता तो उजवा. खाली काढलेल्या दाढेचंही तसंच. "हा माणूस तो नव्हे," ते म्हणाले.

दिरानं दारातनंच सुस्कारा सोडला. "म्या म्हनलं न्हवतं? त्यो हाय तिकडं मजेत. हिच्या तोंडाला कटाळून ग्येला आन् हितं आमच्या घरादाराला चौकीवर आनलं हिनं."

"ऱ्हाऊ द्या वो पावनं," हवालदार म्हणाला. "वैनी, कुकू ऱ्हायलं तुमचं. जाताना गनपतीला नारळ फोडा."

शेवंता झाकलेल्या डब्याकडं बघत होती. "मग कुटं हाय त्यो?" तिनं विचारलं.

मी बोलायला हवं होतं. हवालदार, दीर, डॉक्टर, बाकावरची चार माणसं. एवढ्या माणसांसमोर मला जमलं नाही. आणि खरं सांगायचं तर मनात दुसरंही आलं. मी कुंकू पुसलेली बाई. ते पुसल्यावर घरात काय होतं, पंगतीत कुठं बसवतात, हळदीकुंकवाला कोण बोलावतं, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, हिचं राहतंय तर राहू दे. माझ्या चुकीनं एका बाईचं कुंकू राहिलं, असं मी स्वतःला सांगितलं आणि ट्रे उकळायला टाकला.

डॉक्टरांनी हवालदाराला तासभर थांबवून घेतलं. त्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे काढले आणि नवं कार्डही केलं. ते मी भरलं, आता बरोबर. नावाच्या जागी 'अनोळखी, पुरुष'.

"मेलेल्याचं कार्ड कशापायी?" हवालदार कावला होता.

"पेशंट आहे," डॉक्टर म्हणाले.

हाडं पोलिसांनी बेवारस म्हणून पुरून टाकली. आणि कुंकू राहिलं म्हणजे काय झालं, ते मला पुढच्या पावसाळ्यात कळलं, जेव्हा शेवंता एकटीच दवाखान्यात आली. सासरच्यांनी तिला माहेरी पाठवलं होतं. माहेर कराडच्या पुढं. नवरा गेला असता तर विधवा म्हणून घराच्या एका कोपऱ्यात तिची जागा होती. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला तीही नाही. पोरगी सासूनं ठेवून घेतली होती. "तुझ्यापायी गेला त्यो," सासू म्हणाली होती, "आता ही तरी ऱ्हाऊ दे."

"परत एकदा बगा की वो डाक्टर," ती म्हणाली.

"बाई, कार्ड सांगतं, तो तो नाही. जिवंत असेल. चांगलं आहे ना?"

ती उठून गेली. दोन-तीन महिन्यांनी परत आली. मग परत. कराडवरून एसटीनं यायची, अर्धा तास बाकावर बसायची, तेच विचारायची, तेच ऐकून जायची. डॉक्टर तिला कधी हाकलत नसत, आणि कार्डापुढं सरकतही नसत. ती गेली की म्हणायचे, "कार्डाशी भांडून काय उपयोग." मला त्या दिवशी जेवण जायचं नाही.

असे दोन पावसाळे गेले. एकदा ती आली तेव्हा डॉक्टर आत जेवत होते. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला कापूस वळत बसले होते. ती माझ्याजवळ सरकली.

"तुमी लिवता न्हवं त्या कारडावर?"

"व्हय."

"मला लिवाय येत न्हाई, म्हनून इच्यारते. लिवल्यालं कवा चुकतं का वो?"

मी खाली बघून कापूस वळत राहिले. ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग पदर सारखा करून जिना उतरली. तिच्या चपलांचा आवाज खाली थांबला तेव्हा मी कापूस ठेवला आणि आत गेले. डॉक्टरांच्या हातात ताकाचा पेला होता. मी सगळं सांगितलं. फौजेचा खण, लाल टिंब, हवालदार आला त्या दिवशी मला कळलं होतं ते. खाली बघून, एका दमात.

त्यांनी पेला ठेवला. हात धुतले. दोन्ही कार्डं काढून खिडकीशी गेले. त्याचं जुनं कार्ड त्यांनी उलटं करून काचेला लावलं. बाहेर ऊन होतं. कागदाच्या मागून माझ्या खुणा उमटून दिसायला लागल्या, उजव्याच्या डाव्या, डाव्याच्या उजव्या. शेजारी त्यांनी 'अनोळखी'चं कार्ड सुलट लावलं. फुलीला फुली, ठिपक्याला ठिपका, तिरक्या रेघेला रेघ.

इतकं सगळं उलटं जुळत होतं आणि त्यांच्यासारख्या माणसाला ते दिसलं नव्हतं. कारण कार्ड चुकेल हे त्यांच्या मनातच कधी आलं नव्हतं. ते काचेला हात लावून उभे राहिले. वळले तेव्हा म्हातारे दिसत होते.

"दोन वर्षं, बाई?"

"व्हय."

"जा, तिला बोलवा."

मी स्टँडपर्यंत पळत गेले. कराडची गाडी सुटली होती.

डॉक्टर मला बोलले नाहीत, कामावरून काढलंही नाही. पुढं त्यांनी चौकीवर 'माझी नोंद चुकली' असं स्वतःच्या नावानं लिहून दिलं. तिथले साहेब नवे होते, म्हणाले, फाईल बंद आहे, कशाला उकरताय. मग सांगलीच्या कचेऱ्यांत खेटे. कागद दुरुस्त व्हायला वर्ष गेलं. गावात बोभाटा झाला. जाडे डॉक्टर मेण न्यायला आले आणि म्हणाले, "बघा, आम्ही कार्डच ठेवत नाही. म्हणून आमचं कधी चुकत नाही." आमच्या डॉक्टरांनी मेण कागदात बांधून दिलं. पूर्वीसारखा वाद घातला नाही. मला वाटलं आता हे खण विकतात. तर त्यांनी फौजेच्या खणातल्या प्रत्येकाला पोस्टकार्ड पाठवायला लावलं, रजेवर आलात की तोंड दाखवून जावे. वर्षभर चांगले धडधाकट जवान येऊन आ करून बसायचे. एकजण म्हणाला, "डाक्टर, एवढी तपासणी तर भरती होताना झाली न्हवती." मी त्या सगळ्या कार्डांना लाल टिंब दिलं, आणि प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या हातानं त्याचा दात दाखवायला लावलं.

पण हे सगळं नंतरचं. मी सांगितलं त्याच आठवड्यातल्या रविवारी डॉक्टर मला घेऊन पहिल्या गाडीनं कराडला गेले. हातात पिशवी, तिच्यात दोन कार्डं आणि टॉवेलात गुंडाळलेले साचे. पुढं दुसरी गाडी, मग चालत. शेवंता भावाच्या रानात भांगलत होती. आम्हाला बघून ती उठली, खुरपं हातातच.

डॉक्टरांना गोड करून बोलता येत नसे. ते बांधावर उभे राहून म्हणाले, "माझी चूक झाली. तो तुमचाच माणूस होता."

तिनं खुरप्याची माती पुसली. "म्हंजी त्यो गेलाच न्हवता."

"नव्हता."

"तितंच व्हता. घरापासनं कोसावर." ती खाली बसली. मातीत बसून मातीच सारखी करत राहिली. मग म्हणाली, "डावा म्याच म्हनलं व्हतं."

"तुम्ही त्यांना समोरून बघत होता," डॉक्टर म्हणाले. "समोरून उजवा डावीकडं दिसतो. तुमची चूक नाही ती. मी विचारायला चुकलो."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती उठली आणि खुरपं बांधावर ठेवलं. "हितं सांगून काय उपेग, डाक्टर? हितं समद्यास्नी ठावं हाय त्यो कसा व्हता. तितं चला. तितं सांगा."

आम्ही तिला घेऊन परत फिरलो. आष्ट्याला उतरून तिच्या सासरच्या वाडीपर्यंत चालत गेलो तोवर ऊन कलायला लागलं होतं. सासू अंगणात शेंगा फोडत बसली होती. एका डोळ्यात पडदा आलेला. दीर गोठ्यातून आला आणि शेवंताला बघून वाटेतच उभा राहिला. ती अंगणाच्या कडेला थांबली. आत कुणी ये म्हटलं नाही.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. दीर ऐकून घेत होता, मग हसला.

"मागं न्हाई म्हनलासा. आता व्हय म्हनताय. उद्या आनि काय म्हनाल? हिनं काय गाठलंया तुमास्नी?"

डॉक्टरांच्या हातात कार्ड होतं, पण ते वर करेनात. तोवर मी त्यांना बोलण्यात कुणापुढं हरलेलं पाहिलं नव्हतं. दीर पुढं आणखी काहीतरी बोलला, शेवंताबद्दल, ते मी लिहीत नाही. मला माझाच आवाज ऐकू आला.

"डॉक्टरांचं न्हाई चुकलं. कार्ड मी भरलं. उजव्याचं डावं मी केलं. आणि कळल्यावर दोन वर्षं गप्प मी बसले."

दीर माझ्याकडं बघायला लागला. शेवंताही. तिच्या त्या नजरेला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. सासूनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"कंचा दात तुटलाय म्हनं त्यात?"

डॉक्टर सांगणार होते. तोंड उघडून त्यांनी मिटलं. मग ते म्हातारीसमोर जमिनीवर बसले. "तुम्ही सांगा, आई."

"हिरीच्या पायरीवर आपटला व्हता. आट वर्साचा. तोंड ह्ये एवढं सुजल्यालं. म्हैनाभर मांडीवर घिऊन बोटानं दात धुतलं म्या त्याचं." तिनं हात पुढं घेतला, मांडीवर पाठमोरं पोर आहे असा, आणि त्या न दिसणाऱ्या तोंडात बोट घातलं. मग तेच बोट आपल्या तोंडात, आपल्या दातावर नेलं. उजव्या. "ह्यो."

डॉक्टरांनी टॉवेल सोडला आणि वरच्या दातांचा साचा तिच्या हातात दिला. तिला नीट दिसत नव्हतं. तिनं तो आपल्याकडं पाठ करून धरला आणि बोट फिरवायला लागली, दाढेकडून पुढं, एकेका दातावरून. टवक्यापाशी बोट थांबलं. ते तिथंच राहिलं.

दीर काहीतरी म्हणायला लागला. "तू गप," म्हातारी म्हणाली. तिनं वर बघितलं नाही. बोट दातावरून न उचलता अंगणाच्या कडेकडं तोंड करून म्हणाली, "शेवंते, भाईर का हुबी? आत ये. पोरगी चुलीफुडं हाय."

शेवंता आमच्या जवळून गेली. दाराशी तिनं चप्पल काढली आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून रडण्याचा आवाज आला, एकीचा, मग दोघींचा. म्हातारी साचा मांडीत घेऊन तशीच बसली होती. डॉक्टरांनी तो परत मागितला नाही. त्यांच्या उभ्या आयुष्यात दवाखान्याबाहेर राहिलेला तो एकच साचा.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. आष्टा मागं पडल्यावर म्हणाले, "बाई, 'अनोळखी'चं कार्ड काढा. नाव घाला."

मी 'अनोळखी'वर रेघ मारली आणि त्याचं नाव लिहिलं, पूर्ण.

"खाली ओळख कशावरून ते लिहायची जागा आहे."

"काय लिहू?"

"आईने बोटाने ओळखला," ते म्हणाले. "तेवढंच लिहा. कार्डाचं काही लिहू नका."

रस्ता खराब होता, पेन हलत होतं. पुढच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा मी ते नीट लिहिलं.